सहभागी क्रमांक एक

३ जून
पेपर महिनाअखेर द्यायचाच. विषय: म्हातारपणीचा विसरभोळेपणा. सहभागी क्रमांक एक: आमचे वडील, अप्पा. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? गेल्या वर्षी गॅस चालू ठेवून विसरले, तेव्हापासून वृद्धाश्रमात आहेत. त्यांच्याच काळजीपोटी. त्यांच्या खोलीची माझी स्टडी-रूम झाली, हा योगायोग.

५ जून, सकाळी ११
अप्पांनी सही केली नाही. जन्मभर प्रूफं तपासली, खोड जाते कुठे? संमतीपत्रकात लाल पेनाने सात चुका काढल्या. म्हणाले, आधी घरी ने, मग सही. विसरतील. परवा पुन्हा.

७ जून
विसरले नाहीत. आठवी चूक सापडली.

११ जून
एथिक्स कमिटीचं पत्र. नातेवाईक चालणार नाही, त्याच्यावर दबाव येतो म्हणे. वर्षात चारदा भेटलो, दबाव टाकणार कधी? शिवाय संमती देण्याइतकं भान आहे का, ते त्रयस्थाने तपासायचं. कमिटीच्या बाई फोनवर म्हणाल्या, तो माणूस आहे, उंदीर नव्हे. उंदीर मला परवडतात कुठे!

१२ जून
बायको म्हणाली, गॅस त्या दिवशी तूच चालू ठेवला होतास. मला असलं काही आठवत नाही.

१७ जून
नर्सने अप्पांची चाचणी घेतली. तीसपैकी तीस. तिने विचारलं, मग यांना इथे ठेवलंय कशाला? मी म्हणालो, संशोधन चालू आहे. असो, भानाची अट सुटली. आता फक्त नात्याची अडचण.

१८ जून
अप्पांना सांगितलं, सही करा, रविवारी घरी नेतो. आमिष दाखवू नये असा नियम आहे, पण मी लेखी कुठे दिलंय? त्यांनी फॉर्म ठेवून घेतला आणि माझ्यासमोरच बॅग भरायला लागले. घाईच फार.

२१ जून, रविवार
स्टडी-रूमभर पुस्तकं पसरलेली. अप्पांना झोपवू कुठे? नर्सचा फोन: सकाळपासून बॅग घेऊन गेटपाशी बसलेत, जेवलेही नाहीत. बघा, हाच तो गोंधळ. मी रविवार म्हणालो होतो, कुठला ते कुठे म्हणालो?

२४ जून
टपालाने फॉर्म आला. सही आहे! चिकाटीचं फळ. कमिटीची शेवटची अडचणही अप्पांनीच सोडवली. 'संशोधकाशी नातं' या रकान्यात लाल पेनाने लिहिलंय: काही नाही.

२४ जून, दुपारी
चार वेळा वाचलं. चूक सापडत नाही.