एकतीस वह्या, एक रेघ

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून कोडातले अक्ष साफ करत बसले. आलेखाच्या उभ्या अक्षाला एकूण एकेचाळीस पर्याय आहेत. ऑफिसातल्या अद्वैतने, म्हणजे माझ्या साहेबाने, पुण्याहून निरोप धाडला, कोणी वापरत नाही ते काढून टाक. पाच काढले. त्यातला एक ‘उलटा अक्ष’. शून्य वर, आकडे खाली वाढत जाणार. कुठल्या शहाण्याला असा आलेख हवा असेल? वर्षभरातला वापर बघितला, एकही नाही. पुसला. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. फडताळ आवरल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं.

दुपारी शेवंताबाई आल्या. तलावाच्या पाटावर सगळ्यात शेवटची बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्यांची. “दार लावून दिवसभर का करत रायतेस वं?” म्हटलं, रेघा काढते. तयार आलेख बनवते, दुसरे प्रोग्रामर ते आपापल्या ॲपात बसवतात. त्या म्हणाल्या, “म्हंजे रेघ तुही अन् आकडे दुसऱ्याचे.” आमच्या माहितीपत्रकातसुद्धा हे इतकं नीट लिहिलेलं नाही.

३ सप्टें., बुध.

मामाजी आज आपणहून माझ्या खोलीत आले. लग्नाला दोन वर्षं झाली, सासरे-सुनेत पाचेक वाक्यं झाली असतील, त्यातली दोन चहाची. हातात पिशवी, पिशवीत वह्या. एकतीस. वर्षाला एक.

तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं काम त्यांचं. पाणी किती सोडायचं, कोणाला आधी, हे तेच बघतात. पाऊस गेला त्याला पंधरवडा झाला, धान पोटरीत येतंय. चौदाला गावची बैठक आहे. नवी पोरं त्यांचं ऐकत नाहीत म्हणे. “तुह्या मशिनीत याचं काही होत असन तं पाय.”

वह्या उघडल्या. दर आठवड्याला तारीख आणि तलावात उतरणाऱ्या पायऱ्यांचा आकडा. बस. कुठे बाजूला बारीक अक्षरात ‘गाय व्याली’, ‘निलेशले ताप’. सासूबाई गेल्या तो आठवडा मी मुद्दाम शोधला. त्याही आठवड्यात आकडा आहे. त्याच निळ्या शाईत, तितकाच सरळ.

ती वही मिटली आणि पहिल्या वर्षाची उघडली.

७ सप्टें., रवि.

आकडे भरून झाले. चार दिवस, ऑफिसच्या आधी पहाटे. एकतीस वर्षांत एकही आठवडा रिकामा नाही. आमच्या गिऱ्हाइकांच्या मोठमोठ्या यंत्रांची माहिती येते तिच्यात भोकं असतात, ती झाकायला मी वेगळा कोड लिहिलाय. इथे तो कोड नुसता बसून राहिला.

सगळं एकदम दाखवलं तर लोकांना कळायचं नाही. म्हणून प्रत्येक वर्षाचा सप्टेंबरातला पहिला आकडा घेतला. एकतीस ठिपके, एक रेघ. सुरुवातीला दोन, तीन, एक. मग हळूहळू चढत गेलेली. यंदा नऊ, सगळ्यात वर. मधे एका वर्षी शून्य. केवढा दुष्काळ पडला असेल त्या वर्षी.

मध्यंतरी तलावातला गाळ काढला होता, त्याचाच हा गुण असणार. खोटं कशाला लिहू, छाती फुगली. मी बनवलेल्या आलेखावर माझ्याच घरचे आकडे, पहिल्यांदा.

८ सप्टें., सोम.

निलेशने चित्र गावच्या ग्रुपवर टाकून दिलं. तुमसरच्या राइस मिलमध्ये पोचल्यावर, मला न विचारता. खाली लिहिलं, ‘बायकोने बनवले.’ दुपारपर्यंत पंचेचाळीस अंगठे.

९ सप्टें., मंगळ.

आजचा दिवस पुसता आला असता तर.

सकाळी शेवंताबाई अंगणात उभ्या. चेहरा उतरलेला. “काहून वं प्रणाली, असं टाकलं तू? वरच्या बांधीवाले म्हनून राहिले, पाणी भरपूर हाय, आजच पुरं तुडुम उघडा. वरच्याईनं घेतलं तं माह्या धानाले काय उरन?”

मी म्हटलं, अहो पण आहेच ना भरपूर. नऊ पायऱ्या.

मामाजी खाटेवर बसले होते. म्हणाले, आण तो फोन. आडवा धरून बघितला. मग फोन उलटा केला, खालची बाजू वर. चित्र आपसूक फिरलं आणि पुन्हा सुलट झालं. त्यांनी परत उलटवला. ते परत फिरलं. तीनदा. फोन त्यांचं ऐकेना. शेवटी माझ्या हातात दिला.

“बाई, हे उलटं हाय.”

ते मोजतात त्या कोरड्या पायऱ्या. पाळीवर, तलावाच्या बांधावर उभं राहून, वरून खाली. नऊ म्हणजे पाणी नऊ पायऱ्या खाली गेलंय. एकतीस वर्षांत या दिवसांत इतकं खाली कधी नव्हतं. मी म्हटलं, मामाजी, पाणी किती आहे ते का नाही मोजलंत?

“पाण्याखालची पायरी कोन मोजन?”

आणि ते शून्याचं वर्ष? “तवा पाळीवरून पाणी गेलं होतं. गाव दोन दिवस शाळेत होतं.”

मी रोज त्या पाळीवरून जाते. पार काठापर्यंत गवत आणि कमळाची पानं, पाणी कुठवर आहे ते मी कधी वाकून बघितलंच नाही. लाज वाटली. अजून वाटतेय. मामाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते चप्पल घालून वरच्या बांध्यांकडे गेले, तुडुमाला कोणी हात लावू नये म्हणून.

१० सप्टें., बुध.

आता हवा होता उलटा अक्ष. मी स्वतःच्या हाताने पुसलेला. देवा.

जुनी आवृत्ती काढली, एक ओळ बदलली, पुन्हा चालवलं. शून्य वर गेलं आणि रेघ त्याला लोंबकळत खाली खाली उतरत आली. वरची कड म्हणजे पाळ. रेघ म्हणजे पाणी. रेघेच्या वरची मोकळी जागा म्हणजे कोरड्या पायऱ्या. वेगळं काही काढायची गरजच पडली नाही.

माझ्यासाठी शून्य म्हणजे तळ, काही नसणं. शाळेपासून तसंच. या माणसाचं शून्य म्हणजे काठोकाठ भरलेला तलाव, आणि तिथून काय कमी झालं ते तो दर आठवड्याला लिहितो. नऊ वर्षं अक्ष बनवतेय मी. निलेशला फोन करून सांगितलं तर म्हणतो, बरं, ग्रुपवर नवीन टाकू का? म्हटलं, हात लावून बघ.

१४ सप्टें., रवि.

बैठक शाळेत. मोहाडीहून मोठ्या कागदावर छापून आणलं, फळ्यावर चिकटवलं. आधी उभं राहून सांगितलं, पहिलं चित्र चुकलं, चूक माझी, मामाजींची नाही.

उठून एकेक जण कागदाजवळ गेला. वरच्या बांध्यांचे गोपाळभाऊ, सगळ्यात जोरात भांडणारे, बोट ठेवत ठेवत गेले आणि एका ठिपक्यावर थांबले. “हे आमच्या बाबाचं शेवटचं साल. हो, एवढंच पाणी होतं.” मग दुसरे, मग तिसरे. प्रत्येकाला आपापलं वर्ष सापडत होतं. मी आलेख काढते, पण लोक आलेखात असे शिरताना मी कधी बघितले नव्हते.

मामाजी फक्त शेवटी बोलले. बारा पायऱ्या उघड्या पडल्या की पाणी शेवटच्या बांधीपर्यंत चढत नाही, म्हणून शेवटच्यांना आधी, चार दिवस. मग वरच्यांना, अर्धं तुडुम. गोपाळभाऊ म्हणाले, “आमचं धान का गवत हाय?” पण सही केली.

निघताना शेवंताबाईंनी माझा दंड धरला.

१८ सप्टें., गुरु.

शेवंताबाईंच्या बांधीत पाणी पोचलं. घोटाभर. मी जाऊन उभी राहिले त्यात, उगाच.

१९ सप्टें., शुक्र.

अद्वैतशी बोलले. उलटा अक्ष परत हवा, पुढच्या आवृत्तीत जाण्याआधी. तो म्हणतो, एका तलावासाठी? म्हटलं, विहिरींसाठी, बोअरसाठी, जे जे वरून मोजलं जातं त्या सगळ्यासाठी. तो म्हणतो, वापर शून्य आहे. मी म्हटलं, तुझं शून्य कुठून मोजलंयस ते आधी सांग. हसला. विचार करतो म्हणाला. नवी आवृत्ती ३० तारखेला निघणार.

२४ सप्टें., बुध.

ढग येतात, जातात. तुडुम अर्धं उघडं. गोपाळभाऊ दोनदा येऊन गेले, त्यांच्या बांध्यांना भेगा पडताहेत. मामाजी त्यांना घेऊन पाळीवर बसले. काय बोलले माहीत नाही.

२७ सप्टें., शनि.

सकाळी मामाजी म्हणाले, “चाल, वही घे.” पेनही मलाच धरायला दिलं. त्यांना मोतीबिंदू आहे, एवढं मला आज कळलं. वर्षभर ते पायऱ्या पायांनी मोजताहेत, एकेक उतरून, आणि ओलं लागलं की थांबताहेत.

मी मोजल्या. वरून. कमळाची पानं हाताने बाजूला सारून. अकरा.

“पक्कं?”

म्हटलं, पक्कं. तरी ते उतरले, अकराव्या पायरीवर पाऊल टेकवून उभे राहिले. कोरडी. मग मान हलवली. वहीत त्यांच्या आकड्यांखाली मी माझा लिहिला. तिरका आला.

धानाला अजून पंधरा दिवस पाणी हवं, आणि बारा उघड्या पडल्या की ते शेवटच्या बांधीपर्यंत चढणार नाही. अद्वैतचं उत्तर नाही. बारावी पायरी पाण्यातून स्वच्छ दिसते, बोटभर खाली.