पांढऱ्यामागून लाल

११ जून
पोचलो एकदाचा! कारावांके डोंगराच्या धारेवर, ऑस्ट्रियाच्या हद्दीला चिकटून हे वाटसरूंचं मुक्कामघर. वीस वर्षं दारोदार टपाल वाटलं, गुडघे कामातून गेले, आणि काम मिळालं ते पुन्हा चालायचंच! देशोदेशी जाणाऱ्या या पायवाटेच्या खुणा रंगवायच्या: पांढरा टिपका, भोवती लाल कडं. घर सांभाळणाऱ्या रेझकाबाई फटकळ. माझी चाल बघून म्हणाल्या, बाबा रे, तुझं टपाल माणसाला मिळायचं की त्याच्या वारसांना? आंबट कोबीचा रस्सा मात्र झकास करतात.

१३ जून
अंग मोडून आलंय. रीत अशी की एकानं पांढरे टिपके काढत पुढे जायचं, दुसऱ्यानं मागून लाल कडी. मी एकटाच. आज धुक्यात गेलो तर पुढचे टिपके तयार, ओलेच! रेझकाबाईंना माझी दया आली असणार. देव त्यांचं भलं करो. मान खाली घालून कडी ओढली आणि दुपारीच परतलो.

१४ जून
आजही आयते टिपके. वाट कुठे वळतेय ते बघायचाही कंटाळा. टिपका दिसला की कडं, बस्स. जेवणानंतर मुक्कामाला आलेली उर्शा आणि तिचा नवरा माटिया, हे नवं जोडपं माझ्याच खुणांवरून हद्दीपलीकडच्या मुक्कामाला निघालं.

१५ जून
ते दोघं पोचले नाहीत. तिकडून फोन आला.
टिपक्यांचं विचारलं तर रेझकाबाई उखडल्या. ब्रशला हातही लावला नाही म्हणाल्या. मग खाली बसल्या, हळूच सांगितलं: माझ्याआधी या कामावर म्हातारा त्सेने होता. पांढरे टिपके काढत पुढे गेला, लाल कडी काढणारा जोडीदार दमून मागे बसला. त्सेने परत आलाच नाही.
त्या पोरांना मीच पाठवलं. मला भीती वाटतेय.

१६ जून
धुक्यामुळे शोधपथक खालीच अडकलंय. आणखी कुणी जायच्या आत माझ्या खुणा मलाच झाकायला हव्यात. करडा रंग घेतला. पहिल्या आठ झाकल्या. मागे वळून पाहिलं — आठही पुन्हा पांढऱ्या. ओल्या.

दुपार
वाट केव्हाच सुटली. हद्दीचे दगडही नाहीत. उर्शाला हाका मारल्या. पुढून ओ आली — पण आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा. म्हणतोय, चल की रे, किती दमशील, लाल आण—

खडक संपला. दोघांच्या पाठपिशव्या कडेला नीट ठेवलेल्या. खाली बघवत नाही. मागे फिरायचंय, तरी पाय पुढेच —
पुढचा टिपका हवेत आहे. पांढरा. ओला.
मी करडाच डबा उघडला होता, आईशप्पथ — ब्रशला लाल—