पुष्पराणीची कळशी

अंबरनाथ,
१८ एप्रिल १९८९

प्रिय जयदेव,
जयभीम.

कळशी वापरतेस का, कळशी वापरतेस का, तू आणलेल्या कळशीबद्दल दर पत्रात तेवढंच. आई कशी आहे ते विचारायचं सुचत नाही. नाही वापरत. पलंगाखाली पोत्यात घालून ठेवली आहे. आणि मद्रासच्या बाजारात घेतली असं पुन्हा लिहू नकोस, माझं डोकं फिरतं.

पोरगा फौजेतून लंकेला गेलाय, बुद्धाच्या देशात शांतता करायला, म्हणून मी वस्तीभर मिरवले. सुट्टी संपवून तू परत गेलास आणि भीमजयंतीसाठी मी ती कळशी चिंचेने घासायला घेतली. काळं निघालं तशी काठाखाली अक्षरं दिसली, ठोकून काढलेली. लग्नाच्या भांड्यावर नाव घालतात तशी. मी शिकले दुसरीपर्यंत, पण ही आपली अक्षरं नाहीत एवढं कळतं. शेजारच्या सरस्वतीला दाखवली, ती तमिळ मुलखातली. तिने पदराला हात पुसून वाचलं. पुष्पराणीला, थोरल्या भावाकडून. कुठून आणली म्हणाली. मी सांगितलं, उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून. तू लंकेत तमिळ लोकांच्या गावात आहेस हे तिला ठाऊक. तिने कळशी हळूच खाली ठेवली आणि गेली. तेव्हापासून चहाला येत नाही. तुझे बाबा गेले, तू तिकडे, तीच एक दुपारची येऊन बसायची. आता अर्धा कप चहा करायचा म्हटलं तर भांड्याच्या तळालाच संपतो.

हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून स्वतः लिहिते आहे. बोटं आखडली.

भावाने दिलेलं भांडं बाई सहजी सोडत नाही. बाबा गेल्यावर मी कानातलं मोडलं, पण तुझ्या सुदाममामाने दिलेला हंडा मोडला नाही. मग हिने कशी सोडली? पळून गेली असेल, घर रिकामं असेल, तर तू चोर. तेवढं मी पोटात घालीन. पण ती घरात असली तर?

लढाईत असं होतं, हे मला सांगू नकोस. तुझ्यावर गोळी झाडणाऱ्याचं मी विचारत नाही. पाणी भरणाऱ्या बाईचं विचारते. तू शिरलास तेव्हा घरात कोण होतं, कळशी कुणाच्या हातातून घेतलीस आणि नंतर तिचं काय झालं, ते लिही. वाईट असलं तरी लिही, मी दार लावणार नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर हात जोडून पंचशील म्हणायचं आहे, न दिलेलं घेणार नाही. त्याच्या आत तुझं उत्तर आलं पाहिजे.

तुझीच,
आई