तुझ्या बिल्ल्यावरची माझी चार वर्षं

दादा,

पत्राच्या सुरुवातीला ‘प्रिय’ लिहायची रीत आहे. तुला ते लिहायला माझा हात वळत नाही. तुझ्यासाठी एकदा खोटं बोललो, तेवढं पुरे झालं.

तुझं तेरावं उरकून परवा आगबोटीने मुंबईला आलो. काल सकाळी कारखान्यात साहेबाने बोलावलं. म्हणाला, तुझ्या भावाने इमानाने काम केलं, भावाच्या जागी भाऊ ही जुनी रीत आहे, मिस्त्रीची जागा तू घे. बढतीच्या यादीत पुढचं नाव कासमभाईचं आहे, पण संपात तो पुढे होता, म्हणून साहेबाला तो नको. युनियनच्या कमिटीत मी आहेच. रविवारच्या बैठकीत मी जागेवर हक्क सांगायचा, कमिटीने मान डोलवायची, की साहेब सही करणार! गावाहून निघताना वहिनीही हेच म्हणाली. “भावजी, त्यांची जागा घरातच ठेवा.” तेव्हापासून डोक्यात जाळ आहे, म्हणून लिहितो आहे.

खाडीच्या बांधाला खांड पडली ते वर्ष आठवतं का रे? रेल्वेच्या कारखान्यात तुला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. खारं पाणी भातात शिरलं आणि बाबांना एकट्याने बांध आवरेना. त्यांनी तुला रेवदंड्याला परत बोलावलं आणि तुझा पितळी बिल्ला माझ्या हातात ठेवला. “जागा घरची हाय. तू जा. ती सोडायची न्हाय.” आपल्याकडे शेत घराचं, होडी घराची, तशी नोकरीही घराची. आज हा भाऊ जाईल, उद्या तो. यात काही वावगं आहे असं आपल्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. साहेबाला तरी आपली तोंडं कुठे ओळखू येत होती? तो बिल्ल्यावरचा नंबर तेवढा बघायचा.

चार वर्षं मी तुझ्या नावाने दामू होतो. काम बॉयलरचं. मी आत उकिडवा बसून तापलेल्या रिव्हेटला जड लोखंड लावून धरायचो आणि बाहेरून घण पडायचे. वर्षभराने मुरूडकडचा कासम माझ्या जोडीला आला. घण कसा धरायचा ते त्याला मी शिकवलं. जेवताना तो मला आपल्यातला बोंबील द्यायचा आणि “दामू, घे” म्हणायचा. त्या चार वर्षांत माझा डावा कान गेला. कारखान्याच्या कागदावर तोही तुझाच कान!

आणि माझं लग्न? चौलच्या मुलीकडचा माणूस कारखान्याच्या दारावर चौकशीला आला. त्याला सांगण्यात आलं की शंकर नावाचा इथे कोणी नाही. मुलगा थापा मारतो म्हणून ते लोक उठून गेले. तू हसलास. घरात दुसरं कुणी हसलं नव्हतं, दादा. तू हसलास.

मग बांध उभा राहिला, शेत गोडं झालं आणि तू परत आलास. जुना साहेब विलायतेला गेला होता, नव्याने कागद पाहिला नि तुला कामावर घेतलं. मी नवा बिल्ला घेऊन शंकर म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहिलो. कासमला तेव्हा खरं कळलं. तो नुसता हसला आणि कुणाला बोलला नाही. आपली गावकीची माणसंही गप्प बसली.

पुढे युनियन आली. तोवर बढती कशी मिळायची, तुला ठाऊक आहे. साहेबाच्या बंगल्यावर जो आंब्याच्या पेट्या नि पापलेटं पोचवील तो मिस्त्री. आम्ही संप केला, उपाशी राहिलो आणि एक नियम मिळवला: ज्याची नोकरी जुनी त्याला आधी बढती. मर्जी नाही, वशिला नाही. नोकरीच्या वर्षांची यादी मी स्वतः लिहून काढली, कारण माझं अक्षर बरं. पहिलं नाव तुझं. दुसरं कासमचं. माझं पार खाली. माझीच वर्षं तुझ्या नावापुढे मी माझ्या हाताने लिहिली! बरोब्बर तेव्हाच मिस्त्रीची जागा निघाली.

कासमने हरकत घेतली. का घेऊ नये? तू चार वर्षं गावी होतास, मग तो तुझ्या आधीचा ठरत होता. बैठकीच्या आदल्या दिवशी तू मला गाठलंस. खरं बोललास तर दोघांची नोकरी जाईल, म्हणालास. तेही खरंच होतं. वर म्हणालास, “मी मिस्त्री झालो की पहिली बढती तुझी.”

कमिटीपुढे कासम माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, मला नीट ऐकू यावं म्हणून. आवाज चढवला नाही. “तीन वर्सं मी तुला दामू म्हनून हाक मारली. आता यांना सांग, तू कोन?”

मी म्हणालो, “मी शंकर. दामू सगळा वेळ इथंच होता.”

त्या दिवसापासून कासम माझ्या डाव्या बाजूने चालतो. त्या बाजूने बोलायची गरज पडत नाही.

आणि तू? वर्षभरात माझ्या बढतीचा कागद तुझ्यापुढे आला, तेव्हा काय लिहिलंस? ‘कानाने अधू, जबाबदारीच्या कामास नालायक.’ विचारायला आलो तर म्हणालास की कारखान्यात नाती चालत नाहीत. वा रे वा! नाती चालत नाहीत हे नेमकं तुझं काम झाल्यावर तुला सुचलं? चोर तो चोर आणि वर शिरजोर, दुसरं काय म्हणू?

तू बांधावर काय केलंस ते मी विसरलेलो नाही. कमरेइतक्या चिखलात उभा राहून हाताची सालपटं निघेपर्यंत तू माती टाकलीस. बाबा सांगताना रडायचे. पण ते भात आपण दोघांनी खाल्लं, दादा. मिस्त्रीपण तू एकट्याने खाल्लंस.

दवाखान्यात तुझ्या उशाशी पाच दिवस बसलो. वाटलं, आता तरी म्हणशील, शंकर, ती वर्षं तुझी होती. एवढंच! लोकांसमोर नको, माझ्या उजव्या कानात. तू शेवटपर्यंत मला पालीच्या बल्लाळेश्वराला नारळाचा नवस बोललास काय, एवढंच विचारत राहिलास. बोललो होतो. राग आहे म्हणून तुझं मरण मागितलं नव्हतं मी.

तर आता ऐक. रविवारी मी कमिटीपुढे उभा राहून सांगणार आहे की दामू इथे नव्हता, मी खोटं बोललो आणि जागा कासमभाईची आहे. वहिनी मला कोसेल, गावात तुझ्या पोरांना चार लोक बोलतील. साहेबाच्या कानावर गेलं की माझा बिल्लाही जाईल. तो काही गोष्ट पोटात ठेवणारा नाही.

त्या चार वर्षांवर हक्क सांगितला तर यादीत मी कासमच्याही वर जातो. हे मला कुणी सांगायला नको, यादी मीच लिहिली आहे. कालपासून शंभरदा मनात तो हिशेब मांडला, तुझ्यापासून काय लपवू?

तू जिवंत असतास तर मी पुन्हा खोटंच बोललो असतो, हेही लिहून ठेवतो. तेवढा मी तुझा भाऊ होतोच. पण आता तू नाहीस, आणि कासम रोज माझ्याशेजारी घण उचलतो आहे. वचन देतो, ती चार वर्षं मी मागणार नाही. ती कुणी केली, एवढं मात्र त्याच्यासमोर, त्याच्या तोंडाकडे बघून सांगीन.

तुझा धाकटा भाऊ,
शंकर