बुरैमीचा बांगडा

१ नोव्हें. १९९६, शुक्र. अल ऐन

आज मासळीवरून माझं तोंड सुटलं. सकाळी सुधीर सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, घेऊन गेला होता. बर्फात गाडलेली सुरमई. डोळे पांढरे, बोटाने दाबलं तर खळगा तसाच. समुद्र सोडून इतक्या आत, वाळवंटात शहर वसवायचं आणि वर मासळीबाजार मांडायचा. सुनेने, नीलिमाने, मसाला चढवून जमेल तेवढं सावरलं. ती गुणी आहे, तिच्या हाताला नावं ठेवणार नाही. पण दुसऱ्या घासाला मी ताट सरकवलं.

सुधीर म्हणाला, "बाबानू, वायच जमवून घ्या." आल्यापासून हेच ऐकतोय. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हयसर ताजो मासो गावलो तर मी घराचा नाव काढूचंय नाय."

"शब्द?"

"शब्द."

बिघडलं काय माझं? इथे कुठला आलाय ताजा मासा.

४ नोव्हें., सोम.

दोघं कामावर, नात शाळेत. दाराला कडी आतूनच, म्हणजे मला कोणी कोंडलेलं नाही. पण उतरून जाऊ कुठे? खाली रस्ता, पलीकडे दुसरा रस्ता. चालणारा माणूस एकही नाही. एसी बंद केला तर उकडतं, लावला तर कानात घरघर.

वेंगुर्ल्याच्या डेपोत कंट्रोलर होतो, माझ्या शिट्टीशिवाय एस.टी. हलत नसे. आता मला हलायचं तर मुलाची गाडी लागते.

व्हिजिट व्हिसाची मुदत महिनाअखेरीस संपते. सुधीरला रेसिडेन्सी करून मला कायमचं इथे ठेवायचंय. त्याचं चूक म्हणवत नाही. ही वारल्यावर मी न्हाणीघरात पडलो, शेजारच्या भिकूने दार फोडून मला बाहेर काढलं. फोनवर ते ऐकल्यापासून पोराने धसका घेतलाय. पण मला माझ्याच न्हाणीघरात पडायचं असेल तर?

पासपोर्ट त्याच्या कपाटात. मागितला तर देईल. मागवत नाही. तो भांडणार नाही, नुसता बघत राहील, आणि ते मला सोसत नाही.

८ नोव्हें., शुक्र.

अबू धाबी. त्याने शब्द भलताच मनावर घेतलाय. बंदरावर हामूर नावाचा मासा, चक्क उड्या मारत होता. सुधीर जिंकल्यासारखा हसला.

म्हटलं, "ह्यो खयचो मासो? आपल्यात कोण खाता? बांगडो, पेडवे असतील तर बोल."

"बाबानू, रूल बदललात."

"टाइमटेबल मी लावतंय."

तरी घेतलाच. रिया खूश. "नो बोन्स, आजोबा." काटा नाही त्याला मासा म्हणतात का? कापूस खाल्ल्यासारखं वाटलं.

१० नोव्हें., रवि.

नरकचतुर्दशी. कारेटं कुठून येणार इथे. नीलिमाने चिमुकला टोमॅटो दिला पायाखाली फोडायला. टाच मारली तर बिया उडाल्या थेट सोफ्यावर. रिया ओरडली, "आजोबा किल्ड इट." सगळे हसलो. मीसुद्धा, खूप दिवसांनी.

मग भिकूला फोन लावला. बंदरात बांगड्यांची रास पडलीय म्हणे, कोणी विचारत नाही. आणि आमच्या माजघराच्या खिडकीचं एक झडप वाऱ्याने निखळलं. त्याने दोरीने बांधून ठेवलंय. नंतर फराळ गोड लागला नाही.

१५ नोव्हें., शुक्र.

दुबई. तिथे बांगडा होता. पोट मऊ, कल्ले मातकट. शिळा म्हटलं आणि खरंच शिळा होता. सुधीरने वाद घातला नाही. येताना गाडीत जांभया देत होता. आठवडाभर साइटवर उन्हात उभा असतो, सुट्टीचा हा एकच दिवस आणि तोही मासे हुडकण्यात. मीच म्हटलं, पुढच्या शुक्रवारी राहू दे.

"नाय. शब्द असा."

हट्टाला आईवर गेलाय. लोक म्हणतील माझ्यावर, पण ते खोटं.

२२ नोव्हें., शुक्र.

आज बुरैमी. अल ऐनला लागूनच, पण ओमानमध्ये. मधे कोणी अडवत नाही, पासपोर्ट विचारत नाही. म्हणजे मासे आणायला मी परदेशात जाऊन येतो आणि माझ्या घरी जायचं तर सगळं अडतं.

सोहारच्या किनाऱ्यावरून पिकअप नुकती आलेली. विकणारा मोईदू, केरळचा. टोपलीत बांगडा. डोळे काळे चकचकीत, कल्ले लालभडक, शेपटीकडून धरला तर आडवा ताठ. मी हातात घेतला आणि नाकाशी नेला. आपला बांगडा. वास नाही, नुसतं खारं पाणी.

मागून सुधीर. "बाबानू, ह्यो तरी ताजो असा मां?"

तोंडातून गेलं, "शिळो."

मोईदू भडकला. "चाचा, सुबह का माल है. हाथ में पकड़ के झूठ बोलता?"

सुधीरने पिशवी पुढे केली आणि होते तेवढे घेतले. गाडीत रेडिओही लावला नाही.

रात्री

नीलिमाने गावाहून आणलेली तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. ही करायची तसं नाही, पण फार लांबही नाही. मी जेवत गेलो. डोकी चोखली. भाताला तिखलं परत मागितलं. वाटी बोटाने पुसत होतो तेव्हा वर बघितलं, तर सगळे माझ्याकडेच बघत होते.

"आजोबा, यू फिनिश्ड एव्हरीथिंग," रिया म्हणाली. नीलिमाने तिला डोळ्याने गप्प केलं. मी हात धुवायला उठलो. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. कोणाचा ते कळत नाही.

२५ नोव्हें., सोम.

संध्याकाळी सुधीरने पासपोर्ट आणि परतीचं तिकीट आणून टेबलावर ठेवलं. मी पेपर वाचत होतो.

"तुम्ही शिळो म्हणालात तर शिळो. तिकीट कन्फर्म करतंय. फकत एकदा माझ्याकडे बघून परत सांगा."

मी पेपरातून डोकं काढलं नाही. तो म्हणाला, एजंटाला बुधवारी कळवायचंय, तोपर्यंत सांगा.

पोराने मला पेचात पकडलं. भांडला असता तर मीही चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

२७ नोव्हें., बुध.

सकाळपासून घरात एकटा. पासपोर्ट टेबलावर तसाच. उघडून फोटो बघितला. या फोटोच्या वेळी ही स्टुडिओत शेजारी उभी होती, माझी कॉलर नीट करत.

ताजा म्हटलं तर संपलं. खिडकीचं झडप दोरीलाच राहणार, आणि मी इथे शुक्रवारची वाट बघत बसणार. शिळा म्हटलं तर हा मला विमानात बसवून देईल, एक शब्द बोलणार नाही. ताजा होता हे त्याला ठाऊक आहे. बाप आपल्या तोंडावर खोटं बोलून गेला, एवढंच त्याच्याकडे राहील.

मला घरी जायचंय. हे मी सरळ कधी म्हटलंच नाही. माशावर ढकललं सगळं. पण आता नुसतं जायचंय म्हटलं तर तो म्हणेल, शब्द दिला होतात.

बेसिनच्या आरशासमोर म्हणून बघितलं. शिळो. जमतं. आवाजही कापत नाही. आरशात सुधीर नसतो म्हणून जमतं.

भूक नव्हती. फ्रीजमध्ये थोडं तिखलं उरलं होतं, तेच भाताबरोबर खाल्लं. मुरल्यावर जास्त चांगलं लागलं, मेलं.

लिफ्ट थांबली. चाव्यांचा आवाज येतोय. सुधीरच.