घासणारं मडगार्ड

खडकी, पुणे
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय धम्मदीपभाऊजी,

सप्रेम जय भीम. तुम्ही नागपूरहून पाठवलेलं मडगार्ड मिळालं. खोकं एवढं लांब की शेजारची तेजस्विनी म्हणाली, "झोपाळा मागवलात काय?"

इकडे सगळं ठीक आहे. आईंना भूक चांगली लागते. मीही वेळेवर जेवते.

पुढच्या महिन्यात पाना घेऊन येतो आणि दादाच्या सायकलला मडगार्ड मीच बसवतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी हो म्हटलं, कारण आई शेजारीच बसल्या होत्या. म्हणून हे पत्र.

मागच्या मडगार्डला तो पोचा सुमेध होता तेव्हापासूनचा. "रविवारी बघतो" म्हणत राहिला. चाक फिरलं की घासायचं, खर्र, खर्र. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई कान देऊन बसायच्या आणि गल्लीच्या टोकाला तो आवाज आला की म्हणायच्या, "आला. ताटं घे." तो कामावरच छातीत कळ येऊन गेला. सायकल तुम्ही कारखान्यातून टेम्पोत घालून आणलीत, त्यामुळे हा आवाज तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

त्यानंतर आई विसरायला लागल्या. "सुमेध यायचाय अजून," म्हणून ताटाला हात लावेनात. एकदा मी सायकल हवा भरायला नेली. परत येताना मडगार्ड घासलं आणि आतून आईंचा आवाज, "आला गं." त्या दिवशी पोटभर जेवल्या. मग काय, भोंगा झाला की मागचं चाक उचलून सायकल गुपचूप टोकापर्यंत न्यायची आणि तिथून ढकलत आणायची. लोक बघतात. बघू देत. ढकलताना मी सीटकडे बघत नाही.

मध्ये दत्तोबा सायकलवाल्याने न सांगताच मडगार्ड सरळ करून दिलं. पुण्यात सांगूनही कोणी वेळेवर काही करत नाही, नेमकं यालाच सुचलं. घरी आणून मी ते वरवंट्याने ठोकून पुन्हा वाकवलं.

परवा मला ताप होता. भोंगा झाला, उठवेना. पडल्यापडल्या आईंच्या जेवणाची काळजी करत होते, तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. खर्र, खर्र.

भाऊजी, मी उठून बसले आणि केस सारखे केले. तो गेलाय हे मला ठाऊक आहे. तरी केले.

दारात आई होत्या. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, दम लागलेला. सायकल भिंतीला टेकवून म्हणाल्या, "आला गं. ऊठ, दोन घास खा."

मी उठून त्यांना कॉटवर बसवलं.

"मला कधी आठवतं, कधी नाही," त्या म्हणाल्या. "पण हा आवाज झाल्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे मी बघितलंय."

वर मी वेळेवर जेवते असं लिहिलंय, ते कसं, ते आता तुम्हाला कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, हे सगळं मी आईंसाठी करते आहे. त्या दिवशी दोघी एकाच ताटात जेवलो आणि खूप रडलो.

खोकं कॉटखाली ठेवलंय. तुम्ही जरूर या, पण पाना आणू नका. आणि संध्याकाळी गल्लीत आवाज आला तर बाहेर डोकावू नका. नुसतं "दादा आला" म्हणा आणि आमच्याबरोबर जेवायला बसा.

आम्हा तिघांचा जय भीम.

तुमची वहिनी,
पूर्वा