कठड्यापाशी मोडलेलं हाड

प्रिय धाकट्या,

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. माझ्या घरी पोटभर जेवून, माझ्याच टॉवेलला हात पुसून, तू माझ्या घरातला, वीज कुठे गळली की आपोआप पडणारा सुरक्षेचा स्विच निकामी केलास. तेव्हा क्षणभर वीज गेली, म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं होतं. तू काय करतो आहेस ते मात्र पाहिलं नाही. चूक माझीच, तुझ्या हातात स्क्रूड्रायव्हर असताना मी पाठ फिरवायला नको होती.

तो स्विच का पडतो हे मी तुला आधीच सांगितलं होतं. गच्चीवर सोलर बसवल्यापासून तो पहाटे खाली यायचा आणि उन्हं चढली की मुकाट वर राहायचा. घरातले सगळे स्विच मी एकेक करून बंद करून पाहिले, तरी पडला. मग गच्चीवरून येणारी सोलरची लाइन तेवढी बंद ठेवली, तर पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. अख्खी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फॉल्ट शोधण्यात घालवली आहे. ओल आली की बिघडणारी आणि वाळली की बरी होणारी लाइन म्हणजे केबलचं कातडं कुठेतरी सोललेलं, हे मी झोपेतही सांगेन. केबल लोखंडी कठड्याला बांधली आहे, दव पडलं की वीज लोखंडात उतरते, ती आधी बघ, असं मी म्हणाले. त्यावर तू काय म्हणालास? "ताई, तो स्विच तुझ्यावर गेलाय, कशानेही भडकतो." तुझे भावोजीही हसले. तू उगवणार जेवायच्या वेळेला, तोवर दव उडालेलं, आणि स्विच तुझ्यासमोर शहाण्या बाळासारखा उभा. गच्चीपर्यंत चढायचा तुला कंटाळा. म्हणून तारेचा तुकडा जोडून तू वीज त्या स्विचला वळसा घालून नेलीस आणि मला म्हणालास, "झाला दुरुस्त, आता चहा टाक." मी टाकला.

गुरुवारी सकाळी हे पॅनेलवरची धूळ पुसायला वर गेले, अनवाणी. मी मागून गेले तर कठड्याला धरून उभे. हाक मारली, उत्तर नाही. जवळ जाऊन बघते तर दोन्ही मुठी लोखंडाला चिकटलेल्या, मान मागे खेचलेली, दात जिभेत रुतून रक्त हनुवटीवर आलेलं, आणि घशातून जनावरासारखा घरघराट. हात लावला असता तर दोघांना एकत्रच उचलावं लागलं असतं. कोपऱ्यात लाकडी स्टूल होतं. ते उचललं आणि मनगटावर हाणलं. हाड वाजलं, मूठ सुटली नाही. पुन्हा हाणलं, तेव्हा उजवा हात सुटला. मग डाव्या कोपरावर असं घातलं की स्टुलाचा पाय मोडून माझ्या हातात राहिला. ते मागे कोसळले आणि डोकं फरशीवर आपटलं. नारळ फुटावा तसा आवाज आला. भांडी घासताना तो मला अजून ऐकू येतो.

समोरच्या बाल्कनीतल्या बाईने पाहिलं ते एवढंच, की म्हातारी नवऱ्याला स्टुलाने बडवते आहे. तिने पोलिसांना फोन केला. ह्यांना त्या सकाळचं काही आठवत नाही. आणि तुझी भाची, माझ्या पोटची पोर, हॉस्पिटलच्या सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली, "आई, तुझं तोंड आम्ही सहन केलं, हात नाही करणार." आता ते तिच्या घरी आहेत आणि मला तिथे दार बंद आहे.

तू हॉस्पिटलमध्ये आलास, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास, आणि भावोजींचे कपडे आणतो म्हणून माझ्याकडून किल्ली घेऊन गेलास. मला वाटलं, भाऊ असावा तर असा. कपडे आणलेस, तारेचा तुकडा मात्र काढून आलास. कसं कळलं विचारू नकोस. सोमवारपासून एकदाही न पडलेला स्विच शुक्रवारी पहाटे पुन्हा पडला. दुपारी पोलिसांचा वायरमन आला. त्याने बोर्ड तपासून सांगितलं, "बाई, हा स्विच चालू असताना माणूस चिकटून राहूच शकत नाही, तो तत्क्षणी वीज तोडतो." खरंच बोलला तो. त्याच्या त्या खऱ्या वाक्यामुळे मी खोटी ठरले. तू तिथेच भिंतीला टेकून उभा होतास. आपल्या दोघांनाही कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनीच खरं बोलायला शिकवलं, पण तू तिथून फक्त गप्प उभं राहायला शिकलास असं दिसतंय. त्या क्षणी स्टुलाचा तुटका पाय हाताशी असता, तर शेजारणीला खरोखरच काहीतरी बघायला मिळालं असतं.

तुला तुरुंगात धाडायला हे पत्र लिहीत नाहीये, जरी तू त्या लायकीचा असलास तरी. ह्यांच्या मनगटाचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. लेकीने त्यांना सांगितलंय की ते मी रागाच्या भरात मोडलं, आणि ते गप्प ऐकून घेतात म्हणे, माझी बाजू घेत नाहीत. ते तसं मानून ऑपरेशनला जाणार असतील, तर मला ते चालणार नाही. तू तार कधी जोडलीस आणि कधी काढलीस, ते तुझ्या अक्षरात, सहीनिशी लिही. एक प्रत तुझ्या भाचीला, एक पोलिसांना, एक मला. फोन करू नकोस, फोनवर तू रडतोस आणि मी विरघळते. लेखी उत्तर बुधवार, १९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

अजून तरी तुझीच,
ताई